मुराकींच्या कारखान्यातलं रताळं

आमच्या बंदराच्या गावात रताळीवाला म्हटलं की सेनो, आणि सेनो म्हटलं की धूर. छोट्या ट्रकच्या पाठीवर त्याची लोखंडी पेटी. पेटीत खाली लाकडांचा जाळ, वर दगडगोट्यांनी भरलेले, ओढून काढायचे दोन खण, आणि त्या तापल्या गोट्यांवर रताळी. टपावरच्या भोंग्यातून एक लांबलचक रडवेली हाक यायची आणि हाकेच्या पाठोपाठ धूर. वाळत घातलेल्या गाद्या आत घ्यायच्या की बाहेर जाऊन रताळं घ्यायचं, हा प्रश्न गल्लीतल्या बायकांना रोज पडायचा. मी दोन्ही करायचे. रताळी चांगली असत, खोटं कशाला बोलू.

पेटी सेनोच्या संसाराच्या वयाची होती. मागचा कोपरा गंजून उभा चिरला होता आणि धूर तिथून निघायचा. सेनोनं ती चीर मातीनं लिंपली, पत्र्याच्या पट्टीनं झाकली, एकदा तर चिकटपट्टी लावली, ती पेटली. मग गेल्या वर्षीच्या जत्रेत व्हायचं ते झालं. देवळाच्या पायऱ्यांखालची जागा वर्षानुवर्षं सेनोची. पालखी पायऱ्या उतरून खाली आली आणि वारा फिरला. धूर थेट पालखीखाली शिरला, आणि खांदा दिलेली माणसं खोकत, डोळे मिटून, देवाला घेऊन सरळ दाताच्या डॉक्टरांच्या फाटकात घुसली. देवाला काही झालं नाही. फाटक मात्र गेलं.

जत्रा समितीचे प्रमुख इमाओका-सान टोफू विकतात आणि बोलतातही तसंच, थंड आणि चौकोनी. ते सेनोला म्हणाले, "पुढच्या जत्रेत पेटीतून भलतीकडून धुराची एक रेघ जरी निघाली, किंवा कसलाही घोळ झाला, तर ती जागा माझ्या भाचीच्या गाडीला." भाची क्रेप विकते, म्हणजे मलई भरलेली पातळ धिरडी. तिला धूर येत नाही.

जत्रेच्या दोन दिवसांचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. सेनोची वर्षभराची गुजराण त्या पायऱ्यांखाली व्हायची. ती जागा गेली की पेटी बंद करायची, ट्रक विकायचा आणि चिबाला मुलाकडे राहायला जायचं, असं मुलानं बापाकडून कबूल करून घेतलं होतं. मुलगा तोमोनोरी विमा कंपनीत, स्वभावानं चांगला. चौथ्या मजल्यावर बापासाठी खोलीही रिकामी करून ठेवली होती.

"खोली छान आहे वहिनी," सेनो मला म्हणाला. "खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते."

असं म्हणून तो हसला, पण मला ते हसू बघवलं नाही.

आता आमच्या घरचं सांगते. आमच्या ह्यांनी, तोकुजी मुराकींनी, उभा जन्म जहाजांचं जोडकाम, म्हणजे वेल्डिंग, केलं. आधी गोदीत, मग घराला लागूनच आपला कारखाना काढला. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या डोक्यातल्या एका शिरेनं दगा दिला. जीव वाचला, जीभही वाचली, आणि त्या जिभेचं जेव्हा जेव्हा ऐकावं लागतं तेव्हा डॉक्टरांनी जरा कमी मेहनत घेतली असती तरी चाललं असतं असं मला वाटतं. पण उजवा हात थरथरायला लागला. थरथरत्या हाताला जोड मारता येत नाही. हे मला आणि डॉक्टरांना माहीत. गावाला ह्यांनी सांगितलं, "कंटाळा आला," आणि हात जाकिटाच्या खिशात घातला तो घातलाच. गाव म्हणायचं, मुराकी म्हातारपणी फार चढलाय, देवळातसुद्धा खिशात हात घालून वाकतो.

उन्हाळ्यात सेनो ट्रक घेऊन आमच्या दारात आला.

"उस्ताद, एवढा एक कोपरा जोडून द्या. जिथे जावं तिथे फेकून दे म्हणतात."

हे पेटीभोवती एक चक्कर मारून आले. खिशातला हात खिशातल्या खिशात हलताना मला दिसत होता.

"मी नाही जोडणार."

"का हो?"

"रताळी तू विकणार, धूर तू सोडणार, आणि जोड मी मारू? स्वतः शीक."

"ह्या वयात? सहासष्ट पुरी झाली, उस्ताद."

"मग? लोखंड काय जन्मतारीख विचारतं?"

सेनोनं माझ्याकडे बघितलं. मी चहा आणायला आत गेले. खरं कारण सांगायची मला मुभा नव्हती आणि खोटं कारण ह्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. हे रंगाच्या उलट्या डब्यावर बसायचे आणि डाव्या हातातल्या काठीनं दाखवायचे. पहिला धडा ठिणगी पाडण्याचा.

"रॉड टेकवायचा नाही, घासायचा. काडेपेटीवर काडी ओढतात तसा."

"घरी लायटर आहे, उस्ताद."

"लहानपणी तरी ओढली असशील ना एखादी?"

सेनोनं रॉड टेकवला. तो पट्टीला घट्ट चिकटला. ओढला तर लोखंडी पट्टीच उचलली गेली, पट्टीबरोबर तिला लावलेला तारेचा चिमटा, आणि रॉड वरपासून खालपर्यंत लाल होत चालला. सेनो होल्डर दोन्ही हातांनी धरून मागे मागे सरकू लागला, गळाला मोठा मासा लागल्यासारखा.

"खटका दाब आणि सोड त्याला," हे ओरडले.

"सोडला तर पडेल ना."

"पडू दे की. तुझं काय लग्न लागलंय त्याच्याशी?"

रॉड चिकटतो तेव्हा एकतर करंट कमी असतो, नाहीतर हात भित्रा असतो, असं ह्यांचं म्हणणं. करंट वाढवला. मग हात भित्रा आहे हे सिद्ध झालं. बरेच दिवस आमच्या कारखान्यातून ठिणग्यांचा कमी आणि "सोड, सोड"चाच आवाज जास्त यायचा.

शेवटी एकदाची ठिणगी टिकली. सेनोला इतका आनंद झाला की ती नुसत्या डोळ्यांनी कशी दिसते ते बघायला त्यानं तोंडावरचा मुखवटा वर केला. संध्याकाळी त्याच्या डोळ्यांत जणू कोणी वाळू ओतली होती. ह्यांच्या तरुणपणी गोदीत अशा वेळी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायचे. आमच्याकडे बटाटा संपला होता. सेनो चाचपडत आपल्या ट्रकपाशी गेला, एक कच्चं रताळं घेऊन आला, आणि त्याच्या दोन चकत्या डोळ्यांवर ठेवून आमच्या ओसरीत आडवा झाला. अर्थातच उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि पापण्यांना चिकट काय लागलंय म्हणून विचारलं. आम्ही तिघंही छताकडे बघत बसलो, सेनोला काही दिसत नव्हतं तरी तोसुद्धा.

रताळ्यावरून पुढे जे झालं ते मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गोदीतल्या माणसांत वाईट जोडाला रताळं म्हणतात. धातू आत मुरलेलाच नसतो, नुसता वर ओबडधोबड गोळा होऊन बसलेला असतो. हातोडी मारली की आख्खा उडून पडतो. कारागिराला याहून वाईट शिवी नाही. सेनोनं पहिला पुरा जोड मारला, वरची खपली झाडली आणि बाजूला उभा राहिला. हे वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रताळं."

सेनो लगबगीनं ट्रकपाशी गेला आणि एक गरमागरम रताळं कागदात गुंडाळून घेऊन आला.

हे त्या रताळ्याकडे बघत बसले. हा माणूस आपली चेष्टा करतोय की काय, असं त्यांच्या मनात आलं असणार. पण सेनोचा चेहरा अगदी भाविक होता. मग ह्यांनी ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुसरा जोड. "रताळं." सेनो धावला. तिसऱ्या दिवशी दोन जोड आणि "दोन्ही रताळी." सेनोनं दोन आणली, त्यातलं एक माझ्यासाठी आहे असं समजून मला दिलं. पुढे तर तो मला कौतुकानं सांगायला लागला, "उस्तादांना फार आवडतात बघा. काम बघतात आणि लगेच मागतात. कामाबद्दल वाईट अवाक्षर नाही. म्हणजे बरं चाललंय, नाही का वहिनी?"

"खातात तर आवडीनं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

मग एके दिवशी सेनोनं एक लांब जोड मारला. ह्यांनी काठी आपटली आणि म्हणाले, "अरे, हे तर रताळ्यांचं पोतं आहे." सकाळी दार उघडते तर दारात पोतं. शेजारी सेनो, घामाघूम.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"पोतं. तुम्ही काल म्हणालात ना."

ह्यांनी पोत्याकडे बघितलं, सेनोकडे बघितलं, आणि डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांत मी ह्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी हे इतके हसले की दाराची चौकट धरावी लागली. हसता हसता रताळ्याचा खरा अर्थ सांगितला. सेनो पोत्यावर बसला.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून..."

"हो."

"सगळेच?"

"एकूण एक."

सेनो कानापर्यंत लाल झाला. त्याला लागलं, हे दिसत होतं. आणि माझं मत विचाराल तर तो खरा शिकायला लागला तो त्या सकाळपासून.

रताळं होऊ नये म्हणून त्यानं करंट भरमसाट वाढवला. पत्र्याला आरपार भोक पडलं. "आता चाळणी करायला लागलास," हे म्हणाले. करंट उतरवला, तर जोडात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. रॉड दमट होते, उघड्या ट्रकमध्ये पडून पडून. रॉड वाळवून घ्यायचे असतात, हे कळल्यावर सेनोनं सोपा मार्ग काढला. फिरतीवर जाताना ते सरळ रताळ्यांच्या खणात, गरम गोट्यांवर ठेवले. वाळले छान. पण गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तोकिवा आजींच्या पिशवीत दोन रताळ्यांबरोबर एक रॉडही गेला. आजींनी तो परत आणून दिला. म्हणाल्या, "हे शिजलं नाही रे."

शरद ऋतू आला तेव्हा सेनोचे सरावाच्या पट्ट्यांवरचे जोड हातोडीला दाद देईनासे झाले होते. ह्यांनी रताळं म्हणणं बंद केलं होतं. दुसरं काही म्हणत नव्हते, पण ह्यांच्या बाबतीत ते पुष्कळ होतं. मग पेटीच्या कोपऱ्याला हात घातला, आणि पुन्हा छिद्रं. गंज घासून काढला होता. रॉड कोरडे होते. करंट तोच. चिमटा दुसरीकडे लावून बघितला, रॉड बदलून बघितले. जोड टाकला की बुडबुडत होता, भात उतू जावा तसा. जत्रा तोंडावर आली होती. सेनो रडकुंडीला आला आणि ह्यांना काही सुचेना, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मी चहा घेऊन गेले आणि दारातच थांबले.

"अहो, साखर कोण जाळतंय?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मग दोघंही चिरेला नाक लावून बसले. वर्षानुवर्षं रताळ्यांचा पाक ठिबकून त्या चिरेत मुरला होता. जहाजांना पाक सुटत नाही, त्यामुळे ह्यांना हे कळायचं कारण नव्हतं. चिरेच्या दोन्ही कडा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासल्या आणि छिद्रं गेली. शाबासकी मला कोणी दिली नाही. चहा गार झाला म्हणून मात्र ऐकवलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी फक्त कोपऱ्यातला उभा जोड राहिला होता, वरपासून खालपर्यंत. ह्यांना तपासणीसाठी इस्पितळात न्यायचं होतं. निघताना हे सेनोला म्हणाले, "बोटभर इथे मार, बोटभर तिथे. मध्ये थंड होऊ दे. एका दमात मारलास तर पत्रा आखडेल आणि पेटी तिरकी होईल. कळलं?"

"कळलं, उस्ताद."

कळलं होतं, त्यात शंका नाही. त्यानं बोटभर मारला. आणि नेमका त्या दिवशी त्याचा हात लागला. इतके महिने अडखळणारा धातू मुकाट्यानं वाहायला लागला, एकामागे एक सारख्या लाटा. त्याला थांबवेना. वरून सुरू केलेला जोड त्यानं खालीच नेऊन संपवला.

जत्रेच्या सकाळी आम्ही पायऱ्यांखाली पोचलो तेव्हा जाळ पेटला होता आणि धूर शहाण्यासारखा नळकांड्यातून सरळ वर जात होता. इमाओका-सान पेटीभोवती फिरले, कोपऱ्याशी वाकले, हात फिरवला. काही सापडलं नाही. समोर त्यांच्या भाचीची क्रेपची गाडी तयारच उभी होती, तिला त्यांनी हातानं थांब म्हटलं. तोमोनोरी सकाळच्या गाडीनं आला होता, तोही बापाशेजारी उभा होता. सेनोचा चेहरा असा काही उजळला होता की मला वाटलं, झालं, जिंकला.

"खण जरा घट्ट गेले आत," सेनो ह्यांना हळूच म्हणाला. "गुडघ्यानं ढकलले. पण घट्ट म्हणजे धूर यायला जागाच नाही, हो ना?"

ह्यांनी कोपऱ्यातला जोड बघितला. सुंदर होता. मला त्यातलं कळत नाही, पण तेवढं मलाही कळलं.

"एका दमात मारलास?"

"थांबवेना, उस्ताद."

गिऱ्हाईक उभं होतं. सेनोनं खण ओढला. खण आला नाही. दुसरा ओढला. तोही नाही. पेटी जोडाच्या बाजूला आखडली होती आणि तापल्यावर तिनं खणांना दातांनी धरलं होतं. सेनोनं ओढलं, तोमोनोरीनं कोट काढून ओढलं, इमाओका-सानसुद्धा एकदा लटकले. आत रताळी शिजली, मग भाजली, मग जळायला लागली. खणांच्या फटींतून काळा धूर बाहेर पडू लागला, गेल्या वर्षीपेक्षा दाट. वर पालखीचे ढोल सुरू झाले. इमाओका-सान पेटीपासून मागे सरले. त्यांनी भाचीला नुसत्या मानेनं ये म्हटलं. आम्ही ट्रक ढकलत बाजूच्या बोळात नेला आणि पाणी मारून जाळ विझवला.

पालखी सरळ गेली. क्रेपला रांग लागली.

तोमोनोरी बापाजवळ येऊन उभा राहिला. आवाज अगदी मऊ होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "बाबा, पेटी बंद झाली की यायचं, असंच ठरलं होतं ना?"

पेटी इतकी बंद होती की तिचा खणसुद्धा उघडत नव्हता. सेनोनं खाली बघून मान हलवली. "हो. ठरलं होतं."

"नाही जायचं," हे म्हणाले.

तोमोनोरीनं वळून बघितलं. "मुराकी-सान, हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"हा माझ्याकडे शिकायला आहे." ह्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि कोपऱ्यातल्या जोडाकडे बोट दाखवलं. बोट थरथरत होतं. इमाओका-सान बादली घ्यायला तिथेच आले होते, त्यांनी बघितलं. सेनोनं बघितलं. सगळ्यांनी बघितलं, आणि ह्यांनी हात परत घातला नाही. "हा जोड बघा. असा जोड मारता येतो याला, आणि असा मारू नये हे मात्र अजून कळत नाही. अर्ध्यात नेलात तर याला ना रताळी विकता येतील ना जोड मारता येईल. आधी ही पेटी कापायची आहे. मग नीट जोडायची आहे. शिवाय माझ्याकडे दाताच्या डॉक्टरांचं फाटक येऊन पडलंय, ते काय मी ह्या हातानं जोडू?"

सेनो ह्यांच्या हाताकडे बघत होता. इतके महिने उलट्या डब्यावरून शिव्या खाताना न उलगडलेलं काहीतरी त्याला उलगडत होतं. तो मुलाला म्हणाला, "उस्तादांनी सुट्टी दिली नाही रे."

"बाबा, तुम्ही सहासष्टचे आहात," तोमोनोरी म्हणाला. मग ह्यांच्याकडे वळून, विमा कंपनीतल्या माणसासारखं रीतसर विचारलं, "अजून किती शिकायचं राहिलंय?"

ह्यांनी सेनोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खरोखर विचार केला.

"चांगलं डोकं असतं तर पाच वर्षं," हे म्हणाले. "ह्याला सात."

सात वर्षांनी आमचे हे त्र्याऐंशीचे होतील. दोन वर्षं हा माणूस नवे बूट घेऊ या म्हटलं तरी "आता कशाला" म्हणत होता. मी जाऊन क्रेपच्या रांगेत उभी राहिले, कारण मला रडू येत होतं, आणि रांगेत कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही.